लॅपटॉप मिरजेत, नोकरी लीड्समध्ये

जानेवारीतल्या एका पहाटे ताईचा फोन आला. लीड्समध्ये साडेचार वाजले होते, म्हणजे घरी सकाळचे दहा. परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, अशा वेळी वाजणाऱ्या फोनची धास्ती काय असते ते. "बाबांना जयसिंगपूरहून मिरजेला आणलंय. तीन ब्लॉकेज आहेत. गुरुवारी बायपास करायची म्हणतात."

नऊ वाजता मी मॅनेजरला फोन केला. माणूस चांगला आहे. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "आधी घरी जा. लॅपटॉप घेऊन जा, जमेल तसं काम कर, हवे तितके दिवस राहा," म्हणाला. कोविडनंतर आमचं निम्मं ऑफिस घरूनच काम करतं. घर लीड्समध्ये असो की जयसिंगपूरमध्ये, इंटरनेट असलं की झालं, असं त्यालाही वाटलं आणि मलाही. रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलं. मुंबईत उतरून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मिरजेत पोचलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा कॉटवर बसून पेपर वाचत होते. मला बघून पहिला प्रश्न : "रजा टाकून आलास की तसाच?"

"रजेची गरज नाही बाबा. इथून काम करायला मॅनेजरनं परवानगी दिलीये."

"लेखी?"

बाबा जिल्हा परिषदेत ३४ वर्षं कारकून होते. त्यांच्या जगात अर्ज, आवक क्रमांक आणि सही याशिवाय काहीच घडत नसे. मी हसलो. आमच्याकडे असं नसतं म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. रविवारी त्यांना अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणलं. सोमवारपासून मी काम सुरू केलं. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, त्यामुळे सकाळभर बाबांजवळ थांबायचं आणि दुपारी अडीचला वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडायचा, असं छान बसलं होतं. मंगळवारी चारच्या सुमारास स्क्रीन काळी झाली. पासवर्ड चालेना. अर्ध्या तासाने आयटी विभागाचा फोन आला : तुमच्या खात्यावर भारतातून लॉगिन दिसतंय, सुरक्षेच्या कारणासाठी खातं बंद केलं आहे, एचआरशी बोला.

आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण बाबांनी चेहरा ओळखला. छातीला टाके, आवाज निघत नाही, तरी विचारलं, "गेली काय नोकरी?"

नोकरी गेली नाही. पण पुढच्या तीन दिवसांत एचआर आणि कंपनीच्या वकिलांबरोबर जे बोलणं झालं, त्यातून मला कळलं की आठ वर्षं परदेशात राहून एक साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती. ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावी, म्हणून हा लेख.

पगार कुठून येतो यापेक्षा आपण कुठे बसलोय

एचआरच्या बाईंना मी जरा चिडूनच म्हणालो होतो, "मी भारताचा नागरिक आहे. माझ्याच देशात बसून काम करायला परवाना कसला?" त्यांनी शांतपणे सांगितलं, की भारताला तुमच्याकडून परवाना नकोच आहे. प्रश्न तीन वेगळ्या जागी आहे : तुमचा ब्रिटनचा व्हिसा, आमच्या क्लायंटशी असलेला करार आणि कर.

आपण 'रिमोट' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर लॅपटॉप असतो. सर्व्हर लंडनला, पगार लीड्सच्या खात्यात, म्हणजे काम ब्रिटनमध्येच झालं असं आपण धरून चालतो. कायदा असं बघत नाही. बहुतेक देश बघतात ते काम करताना माणूस प्रत्यक्ष कुठे बसला होता ते. त्या जमिनीवर काम करायचा हक्क आहे का, तिथे कर लागतो का, हे सगळं त्यावरून ठरतं. आणि ज्या देशाने आपल्याला व्हिसा दिलाय, तो विचारतो की ज्या कामासाठी बोलावलं ते काम इथे चाललंय की नाही.

क्लायंटचा मुद्दा सगळ्यांत आधी पटला. आमचा क्लायंट एक बँक आहे. तिच्या ग्राहकांची माहिती ब्रिटनबाहेरून उघडायची नाही, असं करारात स्पष्ट लिहिलेलं. आणि मी ती मिरजेत, हॉस्पिटलच्या बाकावर, मागे चार नातेवाईक डोकावत असताना, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उघडली होती. मॅनेजरच्या हे ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. त्याच्या होकाराचा अर्थ एवढाच होता, की टीमची हरकत नाही. करार मोडायची परवानगी द्यायचा अधिकार त्याला नव्हताच.

ब्रिटनच्या व्हिसाचं गणित

मी 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर आहे. या व्हिसात कंपनी आपली स्पॉन्सर असते आणि तिच्यावर गृहखात्याला माहिती देण्याची जबाबदारी असते. कर्मचाऱ्याचं नेहमीचं कामाचं ठिकाण बदललं, तो कायम घरून काम करू लागला, तर हे कामकाजाच्या १० दिवसांत कळवावं लागतं. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या किरकोळ बदलासाठी हे नाही. पण "हवे तितके दिवस राहा" हा किरकोळ बदल नव्हे. कळवायला चुकली तर कंपनीचा स्पॉन्सर परवानाच अडचणीत येऊ शकतो, आणि तो गेला तर त्यावर उभे असलेले सगळेच व्हिसा हलतात. एचआर एवढी का घाबरते ते तेव्हा समजलं.

मी म्हणालो, "मग बिनपगारी रजा द्या. काम नाही, लॉगिन नाही, प्रश्न मिटला." इथे दुसरा खड्डा होता. एका कॅलेंडर वर्षात मिळून चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, तर कंपनीला सहसा स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. बाळंतपणाची रजा, स्वतःचं आजारपण असे काही अपवाद आहेत. पगारी रजेला ही अट नाही. म्हणजे दोन महिने बिनपगारी राहतो, असं मी भावनेच्या भरात लिहून दिलं असतं आणि कंपनीने ते मान्य केलं असतं, तर बाबा बरे होईपर्यंत माझा व्हिसा आजारी पडला असता.

तिसरा हिशेब कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा. या मार्गावर सलग पाच वर्षांच्या वास्तव्यात कुठल्याही १२ महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर काढलेले चालत नाहीत. 'कुठल्याही' या शब्दावर बोट ठेवा. हे १२ महिने जानेवारीपासून मोजायचे नसतात, कुठल्याही तारखेपासून पुढचे १२ धरून बघितलं जातं. पूर्ण दिवस मोजतात, निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस धरत नाहीत. जवळच्या माणसाच्या गंभीर आजारासारखं कारण असेल तर सवलत मिळू शकते, पण त्यासाठी डॉक्टरांची कागदपत्रं लागतात. मी डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद स्कॅन करून ठेवलेत. प्रवासाच्या तारखांची एक्सेलही आता नियमित भरतो.

कराची तारीख वेगळी, व्हिसाची वेगळी

दिवस मोजायच्या आणखी दोन वह्या असतात. भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. परदेशात राहणारा भारतीय नागरिक घरी भेटीला आला, तर त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भरेपर्यंत तो साधारणपणे अनिवासीच राहतो. मात्र भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, शेअर वगैरे, १५ लाखांच्या वर असेल, तर १२० दिवसांपासूनच सावध व्हायला हवं.

अनिवासी असलो तरी आणखी एक बारकावा आहे. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार ब्रिटनच्या बँकेत जमा झाला, तरी तो भारतात कमावलेला समजला जातो. आपल्याला वाचवतो तो दोन्ही देशांमधला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार. आपण ब्रिटनचे करनिवासी असू, त्या वर्षातला भारतातला मुक्काम १८३ दिवसांच्या पुढे गेला नसेल, पगार देणारी कंपनी भारतातली नसेल आणि तो खर्च तिच्या भारतातल्या शाखेवर टाकलेला नसेल, तर त्या पगारावर भारत कर मागत नाही. आपल्या अनेक कंपन्यांच्या पुण्यात, बंगळुरूला शाखा असतात. तेव्हा पगार कोणाच्या खात्यातून निघतो हे विचारून घ्यावं.

कंपनीला स्वतःचीही काळजी असते. तिचा माणूस सहा महिने कोल्हापुरात बसून तिच्या वतीने करार करू लागला, तर भारताचं करखातं म्हणू शकतं की तुमचा धंदा इथेच चाललाय, नफ्यावर कर भरा. माझ्यासारखा कोड लिहिणारा चार आठवडे आला तर हा धोका कमी. विक्री विभागातल्या किंवा सह्यांचे अधिकार असलेल्या माणसाला म्हणूनच कंपनी लवकर 'हो' म्हणत नाही. तो दुष्टपणा नसतो.

उलट्या दिशेचा प्रवास

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे मुलगी झाली. आई, बाबा आणि ताई लीड्सला आले. ताई पुण्यात आयटीत आहे, तिला दोनच आठवड्यांची रजा मिळत होती. उरलेले दोन आठवडे तिला इथून काम करायचं होतं. एका नातेवाइकांनी लगेच सल्ला दिला, "विमानतळावर कामाचं नावच काढू नकोस. लॅपटॉप सिनेमा बघायला आणलाय म्हण."

या वेळी आम्ही आधी नियम वाचले. ३१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने पाहुण्यांना आपल्या देशातल्या नोकरीचं काम इथे असताना लॅपटॉपवर करायची मुभा दिली आहे. अट एवढीच, की येण्याचं मुख्य कारण काम हे नसावं. इथली नोकरी धरता येत नाही, इथल्या कंपनीसाठी राबता येत नाही. भाचीला बघायला आलेल्या आत्याने मध्ये दोन आठवडे पुण्याचं काम केलं, तर ते नियमात बसतं. ताईने तिच्या कंपनीकडून रजेचं आणि परवानगीचं पत्र आणलं. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा जे आहे तेच सांगितलं. दोन मिनिटांत शिक्का बसला. खोटं बोलली असती आणि ते उघडकीला आलं असतं, तर परत जावं लागलंच असतं, शिवाय पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते लिहावं लागलं असतं.

काम मात्र सोपं नव्हतं. तिची सकाळी नवाची मीटिंग म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. बाळ रडून उठायचं त्याच वेळी आत्याही उठायची. बाबा तिला चहा करून द्यायचे.

ही मुभा सगळीकडे नाही. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पाहुण्यांना असं काम करू दिलं आहे. अमेरिकेच्या पाहुण्यांच्या व्हिसात इतकी स्पष्ट सवलत लिहिलेली नाही, त्यामुळे मुलाकडे सहा महिने राहून पुण्याची नोकरी चालू ठेवायचा बेत असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. पाहुणचार आणि काम यांत तिथे फार पातळ रेघ आहे, आणि ती कुठे आहे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

एच-१बीवाल्यांचं दुखणं वेगळंच. भारतात बसून काम करायला त्यांना एच-१बी लागत नाही, आणि अमेरिकेबाहेर काढलेले दिवस सहा वर्षांच्या मुदतीत परत मागता येतात. अडतं ते परतीच्या शिक्क्यापाशी. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या कितीतरी जणांच्या मुलाखती आयत्या वेळी पुढे ढकलल्या गेल्या. तीन आठवड्यांसाठी आलेली माणसं महिनोन्‌महिने अडकली, अमेरिकेत घराचं भाडं चालू, मुलांची शाळा चालू. अशा वेळी भारतातून किती दिवस आणि कोणतं काम करता येईल हे कंपनीकडून आधीच ठरवून घेतलेलं असेल, तर निदान पगार तरी चालू राहतो.

आखातातल्या वाचकांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं, तर साधा रहिवासी व्हिसा सहसा रद्द होतो. म्हणजे कंपनीने भारतातून काम करायला कितीही दिवसांची मुभा दिली, तरी ही मुदत आड येते. जर्मनीतही साध्या परवान्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे, ब्लू कार्डला १२ महिन्यांची.

काही देशांनी या कामासाठी वेगळा व्हिसाच काढलाय. दुबईत परदेशातल्या कंपनीची नोकरी आणि महिना ३,५०० डॉलर पगार दाखवला, तर एका वर्षाचा परवाना मिळतो. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसासाठी महिना १,५०० डॉलर उत्पन्न लागतं. दोन्हीकडे स्थानिक नोकरी धरायची नाही ही अट समान. पण एक विसरू नका : असा व्हिसा तो देश देतो, तुमच्या कंपनीचा होकार वेगळा घ्यावा लागतो.

भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी

ज्यांनी नागरिकत्व बदललं आहे त्यांचं काय? ओसीआय कार्ड असेल तर भारतात बसून आयटीचं काम करायला वेगळा परवाना लागत नाही. पत्रकारिता, संशोधन अशा काही गोष्टींना मात्र खास परवानगी लागते. अडचण होते ती जोडीदार परदेशी असेल तेव्हा. माझ्या एका सहकाऱ्याची बायको पोलंडची आहे. दिवाळीला दोघं नाशिकला येणार होती, ती पर्यटक ई-व्हिसावर, आणि मध्ये दहा दिवस तिचंही काम चालू ठेवायचा विचार होता. पर्यटक व्हिसा फिरण्यासाठी आणि नातेवाइकांना भेटण्यासाठी असतो, कामासाठी नाही. पगार कुठून येतो याने फरक पडतो, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तिने सरळ रजा टाकली. लग्न नोंदवून दोन वर्षं पूर्ण झाली, की परदेशी जोडीदाराला ओसीआयसाठी अर्ज करता येतो. त्यांनी तो आता केला आहे.

निघण्याआधी

माझ्या प्रकरणात शेवटी कंपनीने मार्ग काढला. शिल्लक नऊ दिवसांची रजा आधी घ्यायची, पुढचे तीन आठवडे भारतातून काम करायचं, पण बँकेचं नाही, कंपनीच्या अंतर्गत प्रणालीचं. परतीची तारीख ठरलेली. सगळं ईमेलवर. मागितल्यावर हे तीन दिवसांत मिळालं. आधी मागितलं असतं तर आधीच मिळालं असतं, आणि ते तीन दिवस मी हॉस्पिटलच्या जिन्यात फोन कानाला लावून काढले नसते. बाबांनी पहिल्यांदा चार पावलं टाकली तेव्हा मी जिन्यातच होतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी, अगदी घाईत असलात तरी, एचआरला एक ईमेल टाका. त्यात एवढंच विचारा :

१. मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक गावातून काम करू शकतो का?
२. माझ्या व्हिसासाठी कुणाला काही कळवावं लागेल का?
३. माझ्या क्लायंटचं काम त्या देशातून चालतं का? नसेल तर दुसरं काय काम देता येईल?
४. या मुक्कामामुळे माझ्यावर किंवा कंपनीवर तिथे कर लागेल का?
५. ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले तर पगारी रजा किती, बिनपगारी किती?

उत्तर ईमेलवरच घ्या. चहाच्या कपावर मिळालेली परवानगी लॅपटॉप बंद पडल्यावर दाखवता येत नाही. नियम बदलतात, म्हणून दर वेळी नव्याने विचारा, मागच्या वर्षीच्या उत्तरावर विसंबू नका. आणि आपले आईवडील साठी-सत्तरीत असतील, तर ही चौकशी फोन यायची वाट न बघता एखाद्या निवांत आठवड्यातच करून ठेवा. मी आता तेच केलंय. वर्षाला किती दिवस, कुठलं काम, कुणाची मंजुरी, हे कागद एका फोल्डरमध्ये तयार आहेत.

बाबा आता रोज जयसिंगपूर स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात. गणपतीला चार आठवडे येतोय म्हणून परवा त्यांना फोन केला. खूश झाले. मग थोडं थांबून विचारलंच : "लेखी घेतलंस काय?"

"घेतलंय बाबा."

"तारीख, सही बघितलीस?"

बघितली होती.